न आलेल्यांचे बॅज

प्रत्येक परिषदेत काही माणसं येतच नाहीत. ती नोंदणी करतात, फोटो पाठवतात, शाकाहारी की मांसाहारी तेही कळवतात, आणि मग येत नाहीत. त्यांचे बॅज मात्र छापून, दोरीत ओवून काउंटरवर ओळीने मांडलेले असतात. दुपार झाली की त्यांतले कुठले आता कुणी न्यायला येणार नाही, ते आम्हाला नुसतं बघून कळतं. मग ते आमचे होतात.

नाशिकबाहेर, आडगाव मागे टाकून महामार्गाने पुढे गेलं की डावीकडे आमचं संमेलन केंद्र लागतं. द्राक्ष निर्यातदारांपासून ड्रोनवाल्यांपर्यंत सगळे तिथे भरतात. मी तिथे हॉल कोऑर्डिनेटर आहे. कुठली भिंत कुठे सरकवायची, खुर्च्या किती मांडायच्या, कुणाचा माइक खरखरतोय, ते बघणारी. रसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीने हे काम का करावं, असं माझे सासरे पूर्वी विचारायचे. आता विचारत नाहीत.

स्टाफचं जेवण तळघरात असतं. वरण, भात, एक भाजी, आणि पोळ्या ज्या दुपारी एकपर्यंत पोळ्या असतात. डेलिगेटांचं जेवण वरच्या काचेच्या दालनात. दारातला सुरक्षारक्षक चेहऱ्याकडे बघत नाही, बॅजच्या पट्टीकडे बघतो. पट्टी हिरवी असली की आत. त्यामुळे आमच्यातलं प्रत्येकजण कधी ना कधी हिरवी पट्टी गळ्यात घालून वर जेवून आलेलं आहे. मी एकदा बंगळुरूच्या हृदयरोगतज्ज्ञ म्हणून तीन गुलाबजाम खाल्ले होते. याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं. न आलेल्या माणसाच्या वाट्याचं अन्न वाया जाऊ नये, एवढंच.

आरोग्य तंत्रज्ञानाची परिषद भरली त्या वर्षी इमारतीत प्राणवेध बसवून झालं होतं.

प्राणवेध म्हणजे छतातल्या हवा ओढणाऱ्या जाळ्यांमागे लावलेले नाणंभर आकाराचे संवेदक, आणि त्यांनी टिपलेलं समजून घेणारा एक संगणक. आपण सोडतो त्या प्रत्येक श्वासात शरीरात चाललेल्या घडामोडींचे शेकडो वायुरूप अवशेष असतात. प्रमाण अतिशय अल्प, अब्जावधी रेणूंमध्ये एखाद-दुसरा. पण प्रत्येक आजाराची त्यांत एक ठेवण असते, आणि ती लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी उमटते. एका माणसाला नळीत फुंकायला लावून हे ओळखणं जुनं झालं होतं. नवं होतं ते गर्दीतून एकाचा श्वास वेगळा काढणं. हॉलमध्ये दोन हजार माणसं एकाच हवेत श्वास सोडत असतात, पण प्रत्येकाचा ताल वेगळा, आणि बॅजमधली चिप तो माणूस कुठे उभा आहे ते सांगत असते. ताल, जागा आणि गंध, तिन्ही जुळवून यंत्र एकेक श्वास सोडवून घेतं. भरल्या बाजारात आईला आपलंच मूल रडतंय हे कळतं, तसं काहीतरी. ही उपमा मी स्टॉलवरच्या माहितीपटात ऐकली होती. तेव्हा आवडली होती.

नोंदणी करताना एका चौकोनात खूण करून सगळे संमती देत. ज्याच्या श्वासात काही आढळेल त्याच्या फोनवर परिषदेनंतर संकेत जाई. मूळ नोंदी कायद्याप्रमाणे त्याच रात्री पुसल्या जात. मुलांचा श्वास वाचायला बंदी होती, म्हणून मुलांचे बॅज पिवळे असत आणि त्यांत चिप नसे. सगळ्याचा विचार झालेला होता. बॅज ज्याच्या नावाचा, गळाही त्याचाच असणार, एवढं एकच धरून चाललेलं होतं.

त्या दिवशी सासूबाई सटाण्याला गेल्या होत्या, माझ्या चुलत नणंदेच्या डोहाळजेवणाला. सकाळी शेजारच्या काकूंनी जुईला ठेवून घेतलं, पण दुपारी त्यांचा फोन आला की त्यांना बाहेर जावं लागतंय. जुई तेव्हा सव्वा वर्षाची. तुषार सिन्नरच्या कारखान्यात, शिफ्ट सोडून येणं शक्य नव्हतं. मी रिक्षाने जाऊन तिला घेऊन आले आणि तिला कडेवर घेऊन नोंदणी काउंटरच्या मागे उभी राहिले.

केंद्रात पाळणाघर होतं. डेलिगेटांच्या मुलांसाठी.

हेमांगी आहेर वरून जेवून आली ती तोंड पुसतच. ती काउंटर सांभाळते. चांदवडची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, आणि मार्चमध्ये तिचं लग्न ठरलेलं, ओझरच्या मुलाशी. तिच्या गळ्यात हिरवी पट्टी होती. प्रभाकर हुद्दार, मिरज.

"मिरजकरांना आज पुरणपोळी होती," ती म्हणाली. "मी त्यांच्या तब्येतीला मानवतील एवढ्या खाल्ल्या. हिला का आणलंस?"

मी सांगितलं.

"मग पाळणाघरात टाक."

"पिवळा बॅज कुठून आणू? नोंदणी कुठंय तिची?"

हेमांगीने गळ्यातली दोरी काढली, दोन गाठी मारून आखूड केली आणि जुईच्या गळ्यात घातली. "हे घे. सांग, बाबा भाषण ऐकतायत, पिवळा छापायचा राहिला. हुद्दारसाहेब, आता गुपचूप झोपायचं हं."

पाळणाघराच्या दारातल्या बाईंनी हिरवी पट्टी बघितली आणि जुईला आत घेतलं. दोरी गळ्यात राहू देऊ नये म्हणून त्यांनी बॅज तिच्या फ्रॉकला पिनेने लावला. चांगल्या बाई होत्या. संध्याकाळी मी जुईला घेऊन घरी गेले. बॅज कचऱ्यात टाकला.

*

हुद्दारांचा फोन आला तेव्हा हॉल दोनमध्ये टाइल्स आणि फर्निचरवाल्यांचं प्रदर्शन लागत होतं. केंद्राच्या मुख्य नंबरवरून कुणीतरी तो माझ्याकडे वळवला होता.

"नमस्कार. मी हुद्दार बोलतोय, मिरजेहून. तुमच्याकडच्या परिषदेला मी आलो नव्हतो."

"बरं," मी म्हणाले. "पैसे परत मिळण्यासाठी तुम्हाला..."

"पैशाचं नाही हो. मी आलोच नव्हतो, तरी मला आजार झालाय असा निरोप आलाय तुमच्याकडनं."

मी खुर्चीत बसले. ती विकायला मांडलेली खुर्ची होती, तिच्यावर तसा कागदही लावलेला होता.

त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. फोनवर संकेत आला. आवरणक्षय. मेंदूकडून निघणाऱ्या नसांवरचं आवरण शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज कुरतडत जाते, तो आजार. कुठल्याही वयात होतो. आधी माणूस अडखळतो, हातातून वस्तू पडतात. मग बाकीचं. औषध आहे, पण पहिलं लक्षण दिसायच्या आत सुरू केलं तरच आजार थांबतो. नंतर केलं तर नुसता मंदावतो. संकेतात लिहिलं होतं की हाताशी काही महिनेच असावेत.

"मी लगेच रक्त तपासलं. मला काही नाही. त्या दिवशी मी बेळगावात होतो, साडूच्या तेराव्याला. मग मी प्राणवेधवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, मूळ नोंदी पुसल्या, पण यंत्र चुकलेलं नाही. त्या बॅजजवळ श्वास घेणाऱ्याला हा आजार आहे." ते थांबले. "म्हणजे माझा बॅज कुणीतरी घातला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बरं का. पण ज्याला निरोप जायला पाहिजे त्याला तो गेलाच नाही. माझ्याकडं पडून आहे."

"मी चौकशी करते," मी म्हणाले.

"करा. मी पंपांचे कंट्रोलर बनवतो. एका मोटरचा सिग्नल दुसऱ्या मोटरला गेला की मला जेवण जात नाही."

फोन ठेवला आणि मी उठून हॉल दोनची मधली भिंत सरकवून घेतली. माणसांना सूचना दिल्या. चाकाखाली वायर येत होती ती बाजूला करायला लावली. सगळं नीट केलं. माझ्या आत काही झालं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपलाच असतो, पण बोट लावलं की दुसऱ्याचा वाटतो, तसं होतं.

त्या बॅजजवळ दोघींनी श्वास घेतला होता.

*

घरी जुई चालत होती. तिने नुकतंच चालायला सुरुवात केली होती. सोफ्यापासून दारापर्यंत ती जायची, आणि मध्ये पडायची. उठायची, पुन्हा पडायची. वाटी हातात दिली की टाकायची. मी तिथे फरशीवर बसून बघत राहिले. अडखळणं, हातातून वस्तू पडणं. सव्वा वर्षाचं मूल दिवसभर दुसरं काय करतं?

तशी मी आधीपासूनच काळजी करणारी. जुई झाली तेव्हापासून तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची मला सवय आहे. तुषार हसतो. तो म्हणतो, तू तिला जरा बरी असू दे. पण ती काळजी गरम असायची, तिला धाप असायची. ही तशी नव्हती. मी नुसती बघत होते आणि मनात नोंद होत होती, डावीकडे पडली, उजवीकडे पडली.

दुसऱ्या दिवशी मी हेमांगीकडेही तशीच बघायला लागले.

ती स्टेपलर शोधत होती. तिच्या हातातून फाइल निसटली. तिने पाय घासत चहाच्या यंत्रापर्यंत जाऊन कप घेतला आणि परत येताना पायरीवर तिचा तोल किंचित गेला, किंवा मला तसं वाटलं. चप्पल नवी होती. तळघरात जेवताना तिने डाव्या हाताने पाण्याचा पेला धरला आणि मी त्या हाताकडे बघत राहिले.

"काय गं," ती म्हणाली. "भाजी हवी का?"

"नको."

"मग टक लावून काय बघतेस? मी जाड झालेय ना? सांग खरं. ब्लाउज शिवायला टाकलेत."

"नाही झालीस."

"खोटारडी," ती म्हणाली आणि माझ्या ताटातली अर्धी पोळी उचलली.

मला तेव्हा सांगता आलं असतं. तिच्या पाठीमागे जेवणाच्या डब्यांची झाकणं वाजत होती, ती पोळी मुरडून भाजीला लावत होती, आणि माझ्या मनात एक स्वच्छ वाक्य उभं होतं. हिचं असू दे. ते वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि तिथेच राहिलं.

*

गांगुर्डेसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापर्यंत प्राणवेधचं पत्र गेलं होतं. ते भले गृहस्थ आहेत, नाकावर चष्मा घसरलेला ठेवून बोलतात.

"शलाका, ते मिरजेचे गृहस्थ. त्यांना 'चौकशी चालू आहे' एवढंच सांगायचं."

"चालू आहे का, सर?"

"तेच तर. चालू असली तर कुणीतरी सापडेल. सापडलं तर मला त्या माणसाला ठेवता येणार नाही. करारात तसं आहे. म्हणून मला ते कळायला नकोय." त्यांनी चष्मा वर केला. "तुला काही माहीत आहे?"

"नाही, सर."

"छान. उरलेले बॅज यापुढे जागेवरच फाडायचे. तेवढं हेमांगीला सांग."

ते मी हेमांगीला सांगितलं. ती म्हणाली, "गेलं आपलं पनीर." कारण तिने विचारलं नाही.

मी जुईला घेऊन डॉ. सोनजेंकडे गेले. त्या मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर आहेत, कॉलेज रोडला बसतात. त्यांना मी अर्धं सांगितलं, की यंत्राखाली ती चुकून गेली होती आणि मला शंका आहे. त्यांनी फार खोदलं नाही. अशा आया आता पुष्कळ येतात, म्हणाल्या.

"प्रत्येकीला संकेत आलेला असतो?"

"नाही. काहींना आलेला नसतो, म्हणून येतात."

नर्सने जुईचा दंड धरला. जुईने सुईकडे आधी उत्सुकतेने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मग रडली. रक्त पुण्याला जाणार होतं, निकाल यायला आठवडा लागणार होता.

त्या संध्याकाळी मी तुषारला सगळं सांगितलं. तो जुईच्या बाटल्या धूत होता. ऐकताना त्याने नळ बंद केला नाही.

"म्हणजे दोघींपैकी एक," तो म्हणाला.

"हो."

"हेमांगीने किती वेळ घातला होता?"

"जेवणभर. तासभर असेल."

"आणि जुईने?"

"दुपार पूर्ण. पण ती झोपली होती."

"पण मुलांचं त्या यंत्राला समजतच नाही ना? मोठ्यांच्याच श्वासांवर शिकवलंय त्याला. मग हेमांगीचंच असणार." त्याचा आवाज जरा वर आला. एखादं गणित सुटल्यावर येतो तसा. "शलाका, हेमांगीचंच आहे ते."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चांगला माणूस आहे. हेमांगीच्या भावाला त्यानेच कारखान्यात लावलं होतं. त्यालाही आपण काय बोललो ते उशिरा ऐकू आलं असावं, कारण मग त्याने नळ बंद केला आणि बराच वेळ ब्रश बाटलीत नुसता फिरवत राहिला.

"तिला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"निकाल येऊ दे आधी," तो म्हणाला. "उगाच तिला कशाला घाबरवायचं."

दोघांनाही ते पटलं. पटण्यासारखं होतंच ते.

*

हुद्दारांनी पुन्हा फोन केला.

"सापडलं का कुणी?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणाले.

"तुम्ही तेच म्हणणार. मी तुम्हाला दोष देत नाही. एक विचारू? तुम्हाला लहान मूल आहे का? मागं आवाज येतोय."

जुई त्या दिवशी घरी होती आणि मीही. ती भांड्यांच्या कपाटाचं दार उघडमीट करत होती.

"आहे."

"मला वाटलंच. आवाजात अंग चोरल्यासारखं आहे तुमच्या. आमच्या सुनेचा पण असाच झालाय, नातू झाल्यापासनं." ते हसले. मग म्हणाले, "हे बघा, मी तुमचं नाव विचारत नाही. ज्या कुणी तो घातला असेल त्याला एवढं कळवा, की मिरजेच्या एका माणसाकडं तुझी वस्तू आहे. घेऊन जा म्हणावं. उशीर करू नको म्हणावं."

त्यांना काही माहीत नव्हतं, आणि सगळं माहीत असल्यासारखं ते बोलत होते. मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर मला वाटलं आता रडू येईल. मी जागा करून दिली, थांबले. आलं नाही. जुईने कपाटातून किसणी काढली होती, ती मी तिच्या हातातून घेतली.

*

निकाल आला तो बियाणेवाल्यांच्या परिषदेच्या आदल्या दुपारी. मी हॉल चारमध्ये होते. फोन थरथरला. पडद्यावर प्रयोगशाळेचं नाव आणि जुईचं पूर्ण नाव. जुई तुषार निकुंभ. त्याखाली, अहवाल पाहण्यासाठी येथे दाबा.

बोट तिथपर्यंत गेलं होतं.

मग मला एक गोष्ट दिसली. ती मला आठवडाभर दिसायला हवी होती. हा उघडल्यावर मी हेमांगीला काहीच सांगू शकणार नव्हते. चांगला निघाला, तर तिला सांगणं म्हणजे माझ्या पोरीवरून उतरवलेलं तिच्या दारात नेऊन टाकणं. वाईट निघाला, तर तिला सांगायचं कारणच उरत नव्हतं. दोघी सारख्या होत्या त्या फक्त आत्ता, अहवाल बंद होता तोवर. आठवडाभर तसंच होतं, आणि मी तो आठवडा तिच्या हातांकडे बघण्यात घालवला होता.

मी फोन तसाच धरून खाली गेले.

नोंदणी काउंटर अजून रिकामं होतं. हेमांगी एकटी बसून उद्याचे बॅज दोरीत ओवत होती. समोर बियाणं कंपन्यांच्या पिशव्यांचा ढीग. मी तिच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं. हुद्दारांचा पहिला फोन, आजाराचं नाव, औषधाची मुदत, दोघींचे श्वास, डॉ. सोनजे, सुई. माझा आवाज सूचना देताना असतो तसा होता.

तिने हातातला बॅज ओवून पूर्ण केला आणि बाजूला ठेवला.

"म्हणजे मी जाड झाले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तू आठवडाभर मला जेवताना बघत होतीस."

"हो."

"आज का सांगितलंस? आज काय आहे?"

मी फोन दाखवला. "जुईचा निकाल आलाय. मी उघडला नाही. उघडायच्या आधी तुला सांगायचं होतं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ती अशी कधी बघत नाही, तिची नजर सतत इकडेतिकडे असते.

"कशासाठी? उद्या आरशात बघताना तुझी मान वर राहावी म्हणून?"

"असेल."

"असेल म्हणे. एमएस्सी झालीस, एवढा गुंता केलास, आणि एक वाक्य बोलायला आठवडा लागला. मी तुझ्या जागी असते तर त्याच दिवशी बोंब मारली असती. तुझ्यासमोर छाती बडवली असती." तिने दुसरा बॅज उचलला, दोरी शोधली. "नसती मारली कदाचित. माहीत नाही. मला पोर नाही." मग म्हणाली, "उघड."

"हेमांगी..."

"उघड गं. तुझ्या पोरीचं आहे. उघड."

मी दाबलं. पानभर तक्ते आले. खाली एक ओळ होती. नमुन्यात आवरणक्षयाची कोणतीही खूण आढळली नाही.

मी फोन तिच्याकडे फिरवला. तिने वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण तिची नजर परत वर गेली.

दाराबाहेर ट्रक मागे येत होता, कुणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होतं.

"वाटलं ना बरं?" हेमांगीने विचारलं.

"हो."

"खूप?"

"हो."

"खरं बोललीस ते एक ठीक झालं." ती दोरी ओवायला लागली. दोरी छिद्रातून गेली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मी तिच्या बोटांकडे बघितलं नाही, काउंटरच्या कडेकडे बघितलं. तिसऱ्या वेळी गेली. "त्या मिरजेच्या काकांना कळव. आणि गांगुर्डेसरांना माझं मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस. दोघींची नोकरी घालवून काय करायचंय?"

"मी येते तुझ्याबरोबर. केबिनमध्ये."

"नाही म्हटलं ना. तुझं पोरगं आहे, माझ्याकडे आजार आहे. आजार असलेल्या माणसाला ते जरा हळू काढतील." हा विनोद होता. तीच आधी हसली, थोडंसं. "ओझरला काय सांगू? आज सांगू की तपासणी झाल्यावर?"

"तपासणी झाल्यावर."

"असं का? तुझ्यासारखं?"

ट्रकचा आवाज थांबला होता.

"सुई कुठे देतात?" तिने विचारलं. "दंडात की पोटात?"

"पोटात. महिन्यातून एकदा."

"तुला कसं माहीत?"

"वाचून ठेवलं होतं. जुईसाठी."

"दुखतं?"

"लहान मुलांना थोडा वेळ आग होते, मग सूज येते, दोन दिवसांत उतरते. बर्फ लावायचा. दूध पाजून मग द्यायची." मी थांबले. "मोठ्यांचं मी वाचलं नाही."

हेमांगीने ओवलेला बॅज रांगेत ठेवला, सरळ केला, आणि पायाने शेजारची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"बस," ती म्हणाली. "आता वाच."

मी बसले, आणि फोनवर तो आजार पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागले.